तेरा जणांचा गूळ

वडजोगीच्या थंडघराचा, म्हणजे उन्हाच्या लाटेत गावाने येऊन बसायच्या गार घराचा, स्लॅब टाकायला सगुणा कोडापे एकटीच आली होती. सहा वर्षं ती एकटीच जात होती, त्यामुळे त्यात नवं काही नव्हतं. नवं एवढंच होतं, की स्लॅबवर उभं राहिलं की तिथून एक हिरवं दार दिसत होतं, आणि त्या दारामागे शकुन वाढई राहत होती.

सकाळी सहाला पारा सदतीसवर होता. बिनचालकाचा ट्रक येऊन खाली उभा राहिला. रुळांवरून सरकणाऱ्या मशीनने आपला लांब हात उचलला. सगुणाने थैलीतून नारळ काढला, सेंट्रिंगच्या खांबावर फोडला, पाणी चारी कोपऱ्यांत शिंपडलं. मग गुळाचा खडा काढला आणि पाटीच्या काठावर ठेवून थापीच्या दांड्याने त्याचे तुकडे केले. चौदा. मोजायची गरज नव्हती, हात आपोआप चौदाव्याला थांबायचा.

लटारू मिस्त्रीच्या टोळीत ही रीतच होती. स्लॅबच्या दिवशी पहिलं घमेलं पडायच्या आधी प्रत्येकाच्या हातावर गूळखोबरं. डाळीच्या दाण्याएवढा गूळ स्लॅबच्या कोपऱ्यात, बाकी सगळा माणसांच्या तोंडात. टोळी चौदा जणांची होती. टोळी मोडली, तरी सगुणा प्रत्येक कामावर चौदा वाटे करी, एक आपण खाई आणि उरलेले तेरा पुडीत बांधून परत नेई. घरी मुंग्या लागल्या की पुडी टाकून देई.

त्या दिवशी तिने पुडी बांधली नाही. पहिला ट्रक रिकामा झाला, दुसरा आला, ऊन भिंतीवरून खाली उतरलं. हिरवं दार एकदा उघडलं. एक हात बाहेर आला, त्याने तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि दार लागलं. स्लॅबवर नारळ फुटल्याचा आवाज त्या दारापर्यंत नक्की गेला असणार. त्याच टोळीतल्या शकुनला तो आवाज ओळखू न येणं शक्य नव्हतं.

सगुणाने आणखी थोडी वाट बघितली. मग तेराही वाटे उचलले आणि मशीनच्या तोंडाखाली, कोपऱ्यातल्या ओल्या काँक्रीटमध्ये सोडून दिले. फावड्याने दोनदा खालीवर केलं. काँक्रीट तसंही झोपलेलंच होतं. गुळाने त्याचं आणखी काय होणार, असं तिच्या मनात आलं.

*

सिमेंटला पाणी मिळालं की ते दगड व्हायला लागतं, आणि ऊन जितकं जास्त तितकी त्याची घाई. वीस अंशांना जे चार तासांत घडतं ते पंचेचाळीसला तासाभरात उरकतं. शिवाय वाफेचा प्रश्न असतो. ओतलेल्या काँक्रीटमधलं थोडं पाणी हळूहळू वर येऊन पृष्ठभागावर ओली चमक धरतं. ऊनवारा ते पाणी खालून येण्यापेक्षा जास्त वेगाने उडवून नेऊ लागला, की वरचा थर आकसतो, खालचा अजून मऊ असतो, आणि आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा पडतात. म्हणून पूर्वी स्लॅबला टोळी लागायची. माल थांबत नसे, म्हणून माणसं पळत. कोणी पाटी भरायची, कोणी उचलायची, कोणी पट्टी ओढायची, आणि चमक मरायच्या नेमक्या घडीला गुरमाळा, म्हणजे पृष्ठभाग घोटायची मुठीची फळी, फिरवायला दोघी तयार असायच्या.

साखर सिमेंटला अडवते हे गवंड्यांना कित्येक पिढ्या ठाऊक होतं. मिक्सर बंद पडला, माल आवळायला लागला, तर लटारू मिस्त्री खिशातून चिमूटभर गूळ काढून आत टाकी आणि तासभर मिळवी. साखरेचे रेणू सिमेंटच्या कणांना चिकटून बसतात, पाण्याला त्यांच्यापर्यंत पोचू देत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत अशा रेणूला एक शेपूट जोडण्यात आलं. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा ठरावीक कंपनांचा आवाज स्लॅबमधून सोडला, की ते शेपूट तुटतं, रेणू कणाला सोडतो आणि सिमेंट कामाला लागतं. वरून दुधावरच्या सायीसारखा एक पातळ थर फवारला, की पाणीही उडत नाही. काँक्रीट तीन दिवस थांबायला शिकलं. कामावरची माणसं त्याला झोपेचं औषध म्हणू लागली.

ते कामांवर पोचलं त्याच सुमाराला, सहा वर्षांपूर्वी, उन्हाचा कायदा आला. बेचाळीस अंशांच्या वर उघड्यावर टोळी लावायची नाही. छतावर एका वेळी एकच माणूस, बर्फाचं जाकीट घालून, चाळीस मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. कायदा चांगला होता. त्याने माणसं वाचली, हे सगुणाला कोणी समजावून सांगायला नको होतं. चौदा जणांचं एका दिवसाचं काम एका बाईचं तीन दिवसांचं झालं. आणि टोळीला एकत्र ठेवणारी गोष्ट मालाची घाई होती, हे माल थांबू लागल्यावर कळलं.

*

तिसऱ्या दिवशी पहाटे सगुणाने काँक्रीट जागं केलं. खांबांना लावलेल्या चकत्यांवर हिरवे दिवे लागले, अर्ध्या मिनिटाने विझले. ऐकू काहीच आलं नाही. नऊ वाजता मशीन पाती फिरवत निघाली, स्लॅबवर तिच्यामागे गुळगुळीत राखाडी पट्टा उमटत गेला. नैऋत्येच्या कोपऱ्यात पोचताच ती कलली. पाती रुतली आणि मशीन थांबली.

सगुणा फळीवरून तिथे गेली, वाकली आणि अंगठा टेकवला. अंगठा नखाच्या मुळापर्यंत आत गेला.

एका खाटेएवढा तुकडा होता. भोवतालचं काँक्रीट धरलेलं, आणि हा मधला तुकडा पहिल्या दिवशीसारखा मऊ. तिच्या अंगावर बर्फाचं जाकीट असूनही मानेवरून घाम उतरला. तेरा वाटे. पाव किलो गूळ. साध्या गुळाला शेपूट नव्हतं. आवाजाने तोडायचं काय?

कानातल्या यंत्रात नागपूरच्या नियंत्रण कक्षातली तनया बोलली. तनया पंचविशीची इंजिनिअर होती. एकवीस ठिकाणच्या एकवीस एकट्या माणसांशी ती दिवसभर बोलायची. सगुणाने तिला कधी पाहिलं नव्हतं.

"सगुणामावशी, मशीन का थांबवलीत?"

"मी नाही थांबवली, मॅडम. रुतली."

"तिथला आवाज पोचला नाही का? चकती तर ठीक दाखवतेय."

सगुणाने मऊ तुकड्याकडे बघितलं. दोष चकतीवर ढकलता आला असता. वर सिमेंटची भुकटी मारून, पाणी शिंपडून, थापीने चोपून तो तुकडा वरून कडक दिसेल असाही करता आला असता. ते कसं करतात हे तिला माहीत होतं. आणि मग उन्हाने खालचं पाणी ओढून नेलं असतं, आत भुसा राहिला असता, आणि त्याखाली वैशाखात गावातली म्हातारी माणसं येऊन बसली असती.

"गूळ पडला आहे त्याच्यात," ती म्हणाली.

"काय पडलंय?"

"गूळ, मॅडम. मी टाकला. पाव किलो."

तनयाचा आवाज आला. तो हलका झाला होता. "मावशी, मला हे नोंदवावं लागेल. कामाचं कार्ड तीन महिने जमा होतं अशा चुकीला."

"लिहा."

"आणि नियमाप्रमाणे तेवढा तुकडा कापून पुन्हा ओतायचा. कापणारी मशीन चोवीस तारखेच्या आधी मोकळी नाही. उन्हाची लाट चोवीसलाच येतेय, एक्कावन्न अंश. म्हणजे थंडघर या उन्हाळ्यात उघडतच नाही."

"कापायचं नसेल तर?"

कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. "साखर जास्त झाली म्हणून काँक्रीट मरत नाही. उशिरा जागं होतं. आतलं पाणी टिकवलं तर नंतर पूर्ण ताकद धरतं. माझ्या हिशोबाने तीन ते चार दिवस. आज बारा. सोळाला धरलं, वर आठ दिवस सेंट्रिंग उतरवायला, म्हणजे चोवीस. जेमतेम. पण साय आता पातींनी फाडलीय, परत फवारता येत नाही. ओलं बारदान घालून दिवसभर ओलं ठेवावं लागेल. या हवेत बारदान वीस मिनिटांत सुकतं. तुम्ही चाळीस मिनिटं वर, चाळीस खाली. खाली असाल तेव्हा कोण बघणार?"

"दुसरं माणूस ठेवलं तर?"

"पाणी मारायला गावातला मदतनीस घेता येतो. पण नुसतं पाणी मारून चालणार नाही, कधी घोटायचं ते ओळखणारं माणूस हवं. माझे सेन्सर गुळासाठी बनवलेले नाहीत. आहे का असं कोणी?"

सगुणाने हिरव्या दाराकडे बघितलं. "आहे," ती म्हणाली. "येईल का, ते माहीत नाही."

"का?"

"जुनं आहे."

तनया नोंदीकडे वळली. ती म्हणाली, "अहवालात कारणाचा रकाना आहे, मावशी. गूळ का टाकला, काय लिहू?"

सगुणाने बारदान पाण्यात बुडवलं, पिळलं नाही, तसंच तुकड्यावर पसरलं. "वाटायला कोणी नव्हतं, असं लिहा."

*

हिरवं दार तिने दोनदा वाजवलं.

"कोन हाय?"

"मी. सगुणा."

"कोन सगुणा?" आतून आवाज आला. "एक होती माह्या ओळखीची. पांढरं जाकीट घातलं त्या दिवशी मेली ते."

"दार तं उघड, शकुन."

दार उघडलं. सहा वर्षांत शकुनचे केस पांढरे झाले होते. डाव्या हाताच्या बोटांवरचे सिमेंटचे डाग मात्र गेले होते, आणि ते जास्त विचित्र दिसत होतं. पूर्वी दोघी स्लॅबच्या दोन टोकांनी गुरमाळा फिरवत यायच्या, सगुणा उजव्या हाताने, शकुन डाव्या, आणि मधे भेटायच्या. भेटीचा सांधा लटारू मिस्त्रीलासुद्धा सापडत नसे.

"काय पायजे?"

सगुणाने सांगितलं. जितकं थोडक्यात सांगता येईल तितकं. शकुनने चौकटीला टेकून ऐकून घेतलं.

"तुह्या मशीनले सांग ना. लय हुशार हाय म्हन्ते."

"मशीनले नाई समजत. अंगठ्यानंच पाहा लागते."

"किती टाकला म्हन्ली?"

"पाव किलो."

"पाव किलो!" शकुन हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "लटारूदादानं जन्मभरात येवढा टाकला नसन. खीर करून राहिली होती का वं? कायले टाकला?"

"तेरा वाटे उरले होते."

शकुनने तिच्याकडे नीट बघितलं. "बारा म्हन. गोपिका उन्हात पडून गेली त्याले सात वर्सं झाली."

"मोजताना तेराच होतात," सगुणा म्हणाली.

शकुन आत गेली. भांड्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. दार उघडंच होतं, पण आत या असं कोणी म्हणालं नाही. सगुणाच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. बारदान सुकत आलं असणार. ती परत गेली.

चाळीस मिनिटं तिने पाणी मारलं. बांबूंवर हिरवी जाळी ताणून सावली केली. घड्याळ पुन्हा वाजलं, तेव्हा ती शिडी उतरू लागली. आपण खाली असताना काय होईल याचा विचार न करता ती एकेक पायरी उतरत होती. तळाशी शकुन उभी होती. डोक्याला ओला पंचा, पदर खोचलेला.

"जाकीट कोठी हाय?" ती म्हणाली.

"फ्रीजमध्ये दुसरं हाय."

"तुह्यासाठी नाई आली मी. माही सासू मागच्या वैशाखात घरात बसल्या बसल्या गेली. उन्हात पाय नवता ठेवला बुढीनं." आणि सगुणाला शिडीवरून बाजूला व्हायला लावून ती वर चढली.

*

कायद्याने दोघी एका वेळी छतावर असू शकत नव्हत्या. एक चढायची तेव्हा दुसरी उतरायची. शिडीच्या तळाशी क्षणभर दोघींचं तोंड समोर येई. मग एकीने माठाशी बसायचं आणि दुसरीच्या पावलांचा आवाज डोक्यावर ऐकायचा. सूर्य मावळला की हवेची ओढ कमी होई. तेव्हा बारदानाच्या दोन घड्या घालून दोघी आपापल्या जागी झोपायला जात, शकुन घरी आणि सगुणा साइटच्या पत्र्याच्या खोलीत.

पहिल्या दिवशी शकुन उतरली आणि सरळ माठाशी जाऊन बसली. सगुणा वर गेली, बारदानाची कड उचलली. तुकड्याच्या काठाशी, आपल्या सकाळच्या ठशाशेजारी, तिला दुसरा ठसा दिसला. डाव्या अंगठ्याचा. तोही मुळापर्यंत.

तिने त्याच्या पलीकडे आपला अंगठा टेकवला.

मग ती रीतच पडली. प्रत्येक पाळीच्या शेवटी एक ठसा. डावा, उजवा, डावा, उजवा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काठाशी दोन ओळी झाल्या होत्या, आणि खोली तीच होती. तनया दर तासाला विचारी. सगुणा सांगे, "अजून नाही." एकदा तनयाने विचारलं, "शकुनमावशी काय म्हणतात?" सगुणाने ठशांकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यासुद्धा नाहीच म्हणतात."

माठाशेजारी सगुणाने गुळाची नवी पुडी ठेवली होती. गावातल्या दुकानातून आणला, चौदा तुकडे केले. एक आपण खाल्ला. शकुन तिथेच बसून पाणी प्यायची, पुडीकडे बघायची नाही. संध्याकाळी सगुणा उघडून बघायची. तेरा.

तिसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस झालं. वारा सुटला, जाळी फडफडली, बारदान दहा मिनिटांत कोरडं होऊ लागलं. दुपारच्या बदलीला शकुन शिडीच्या तळाशी थांबली. हात कठड्यावर होता, पण चढत नव्हती.

"तू कायले गेलीस वं?" ती म्हणाली. "आंगनात बसून ठरलं होतं. कंपनीवाले एकच जागा देत होते. जाचं तं सगळ्यांनी, नाई तं कोनीच नाई. तूनंच हात वर केला होता पैला."

सगुणाने जाकिटाचा पट्टा सोडला, पुन्हा लावला.

"गोपिका पडली तवा तिच्या डोक्यावर पाटी होती ना," ती म्हणाली. "ते माही पाटी होती. माही पाळी होती. मी म्हनलं, गोपिका, येवढी एक खेप मार, मी पानी पेऊन येतो. सावलीत बसली होती मी."

वर जाळी फडफडत होती.

"मंग टोळीत कशी येऊ?" सगुणा म्हणाली. "कोनी ना कोनी कोनाची पाळी घेतेच. हे काम मिळालं तवा वाटलं, इथं बरं हाय. माही पाळी मीच."

शकुनने पंचा पाण्यात बुडवला, डोक्याला बांधला आणि वर गेली. सगुणा माठाशी बसून राहिली. चाळीस मिनिटांनी उठायला हवं होतं. पण तिला डोळा लागला, आणि मनगटावरचं घड्याळ कधी वाजून थांबलं ते कळलं नाही. दचकून जागी झाली तेव्हा पंधरा मिनिटं वर झाली होती. ती धावत शिडी चढली. वर शकुन पाणी मारत होती, चेहरा लाल, जाकिटातला बर्फ विरघळून कमरेवरून ओघळत होता.

"पंधरा मिनटं झाली, शकुन! हाक कायले नाई मारली?"

"घेतली तुही पाळी," शकुन म्हणाली आणि तिच्या बाजूने उतरून गेली. "मेली का मी?"

त्या संध्याकाळी ठसा नखाच्या अर्ध्यापर्यंतच गेला.

*

सोळा तारखेला उजाडता उजाडता सगुणाला जाग आली. पहिली पाळी तिची होती. जाकीट काढायला तिने फ्रीज उघडला, तर आत एकच जाकीट होतं.

ती बाहेर आली. शकुन शिडी उतरत होती. हात कोपरापर्यंत राखाडी होते, डाव्या हाताची बोटं पुन्हा जुन्या रंगाची झाली होती. तिने गुरमाळा टपातल्या पाण्यात धुतला, फडक्याने पुसला आणि सगुणाच्या हातात दिला.

"जाय," ती म्हणाली. "तासभर हाय अजून. जास्त नाई." आणि घराच्या दिशेने चालू लागली.

सगुणा वर गेली. बारदान घडी करून बाजूला ठेवलं होतं. खाटेएवढ्या त्या तुकड्याचा अर्धा भाग घोटून झाला होता. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या, एकात एक गुंतलेल्या कमानी, सहा वर्षांपूर्वी होत्या तशाच. बरोब्बर मध्यावर त्या थांबल्या होत्या. पलीकडचा अर्धा भाग खडबडीत होता, त्याच्या काठाशी सगुणाचे उजवे ठसे तसेच होते. शकुनने आपले सगळे पुसून टाकले होते.

तिने फळी टाकली, गुडघ्यावर बसली. अंगठा टेकवला. तो आत गेला नाही, नुसती ओल लागली.

"मावशी?" कानात तनया म्हणाली. "काय परिस्थिती आहे?"

"झालं आहे, मॅडम. घोटते आहे."

"एकट्या आहात?"

सगुणाने गुरमाळा काठावर टेकवला. "हो," ती म्हणाली. "निम्मं झालेलं आहे."

ती उजव्या टोकाने सुरुवात करून आत येत गेली. आपले ठसे एकेक करून घोटत मिटवले. हात आधी अडखळला, मग त्याला जुनी लय सापडली. सूर्य जाळीच्या वर आला तेव्हा ती मध्याशी पोचली होती. शकुनची शेवटची कमान जिथे थांबली होती तिथून तिने आपली कमान उचलली, दोनदा, तीनदा, दाब कमी करत. मग मागे सरकून तिरप्या उजेडात बघितलं. सांधा शोधून बघितला. सापडला नाही.

मनगटावरचं घड्याळ वाजलं. ती खाली उतरली, गुरमाळा धुतला, माठातून पाणी घेतलं. समोर हिरवं दार लावलेलं होतं. तिने पाणी पिऊन संपवलं आणि मग पुडी उचलली. ती उचलतानाच काही कळलं असं नव्हे, एका वाट्याचं वजन ते किती. तिने दोरा सोडला आणि तुकडे तळहातावर घेऊन मोजले.

बारा होते.